खिंडीतला राखलेला घास

ओसाका, ८ एप्रिल

इसोए काकू,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते हे तूच मला शिकवलंस. पण इथली चेरी कधीच गळून गेली आणि माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. तू रोज खिंड चढतेस. शेजारच्या नोबुएबाईंनी मला फोन करून सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पत्रात तू फक्त मुळ्यांची खबरबात लिहितेस, मग मला कळायचं कसं?

नोव्हेंबरात काका त्याच खिंडीत, वाटसरूंना राखणाऱ्या जिझोच्या दगडी मूर्तीपाशी बसलेले सापडले. पाठीवरचं ओझं उतरवून नीट बाजूला ठेवलेलं. जन्मभर डोंगरातल्या विश्रांतिघरांना तांदूळ आणि रॉकेल पाठीवरून पोचवणारा माणूस. डॉक्टर म्हणाले हृदय, गाव म्हणालं हिदारू लागला. लहानपणी तूच मला घाबरवायचीस की डोंगरात उपासमारीने मेलेला माणूस हिदारू होतो आणि चढणाऱ्याच्या पोटात शिरतो. मग एकाएकी भुकेने हातपाय गळतात, गार घाम फुटतो. तोंडात एक घास घातला तर तो सोडतो, नाहीतर आपणही तिथेच बसतो आणि त्यांच्यातलेच एक होतो.

काकू, मी पोटासाठी हेच काम करते. आमच्या प्रयोगशाळेत धावपटूंना वेगवेगळी न्याहारी देऊन फिरत्या पट्ट्यावर पळवतात आणि त्यांच्या अंगात काय होतं ते मी बघते. हिदारू मी रोज बघते. रात्रभर झोपेत यकृत आपली शिल्लक साखर खर्च करून टाकतं. सकाळी तसंच उपाशी चढायला लागलं की पायांना द्यायला काही उरत नाही आणि मेंदूही अंधारतो. कुणी गोड बन खाऊन लगेच पळायला लागतं, त्याची साखर उसळते आणि चढ लागताच आपटते. नुसती अंडी खाऊन येणारा सपाटीवर बरा चालतो, पण खड्या चढावर त्याचेही पाय अडतात. निघण्याच्या दोनेक तास आधी भात, त्याच्या जोडीला अंडं किंवा तोफू खाल्लं की साखर सावकाश मिळत राहते. इतकं साधं आहे. यात भूत कुठे बसवू?

सोबत एक चकती पाठवते आहे. दंडाला चिकटवायची, मुंगी चावल्यासारखं होईल. छोटं यंत्र खिशात ठेव, ते आपोआप साखर नोंदतं. काही दिवसांनी यंत्र परत पाठव. एवढं ऐकलंस तर ओसाकाला राहायला ये म्हणून ऑगस्टातल्या ओबोनच्या सणापर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.

काका गेले. तुलाही त्या दगडापाशी शोधायला यायची ताकद माझ्यात नाही.

तुझी शिहो

---

कुरेसाका, २० एप्रिल

शिहो,

इथे हवा छान आहे. बघ, अशी सुरुवात करतात.

चकती लावली. नोबुए म्हणाली, "इसोए, दुकानातल्या खरबुजासारखी किमतीची चिठ्ठी लावलीस की गं." मी म्हटलं, "तुला कुणी किंमत लावत नाही म्हणून जळू नकोस." चुगली तिनेच केली ना, आता तिला दोन आठवडे माझं लोणचं मिळायचं नाही.

तू म्हणतेस भूत कुठे बसवू. माझी अडचण भुताची नाही, डब्याची आहे.

तुझे काका डबा कधीच संपवत नसत. या डोंगरातली रीतच ती. शेवटचा एक घास राखायचा आणि उतरताना वळणावरून आपल्या घराचं छप्पर दिसलं की मग खायचा. वाटेत कुणाला हिदारू लागला, आपल्याला किंवा परक्याला, तर तो घास हाताशी हवा. लग्न झाल्यापासून वळणावर उभे राहून चघळत येणारा तो माणूस मी बघत आले. आणि त्या दिवशी त्यांचा जो लाकडी डबा लोकांनी माझ्या हातात दिला तो रिकामा होता. पुसल्यासारखा स्वच्छ. घर तर त्यांना दिसलंच नव्हतं.

गावात काय बोलतात ते मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. तामोत्सूने घाईने शेवटचा घास स्वतःच खाल्ला, रीत मोडली, आता तोच तिथे बसून लोकांना धरतो. या वसंतात खिंडीत दोघातिघांचे पाय गळाले, तर नाव माझ्या नवऱ्याचं. इतकी वर्षं ज्याने सगळ्यांची ओझी वाहिली, त्याचं.

मला ते खरं वाटत नाही. पण डबा रिकामा होता, शिहो. ते तिथे भुकेले बसले असतील तर मी घरात बसून काय करू? म्हणून रोज भाताची मेहारी करते, तकाना मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला त्यांच्या आवडीचा मोठा गोळा, आणि बांबूच्या सालीत बांधून जिझोपुढे ठेवते. दुसऱ्या दिवशी साल रिकामी असते. माकडं म्हणू नकोस. साल चार घड्या घालून, वर खडा ठेवून असते. आपल्याकडची माकडं एवढी शिकलेली नाहीत.

जेवणाचं म्हणशील तर मी व्यवस्थित खाऊन निघते. भात, अंडं, सगळं. यंत्र या पत्राबरोबर पाठवते आहे, बघ काय बघायचं ते.

इसोए

---

ओसाका, २४ एप्रिल

काकू,

तू खोटारडी आहेस.

यंत्रातली रेषा माझ्यासमोर आहे. न्याहारी केली की रेषा टेकडीसारखी वर येते. तुझ्या एकाही सकाळी टेकडी नाही. तू रोज उपाशी निघतेस. चढावर रेषा उतरत जाते आणि खिंडीत पोचेपर्यंत इतकी खाली जाते की तिथे आमची तरणीताठी पोरं फरशीवर आडवी पडतात. तू पडत कशी नाहीस हे मला कळत नाही. थरथरतेस ना? खरं सांग.

पण पुढचं बघून मी खुर्चीतून उठले. खिंडीत थोडा वेळ गेला की रेषा वर येते. रोज. भात खाल्ल्यावर येते तशी, ऐटीत. म्हणजे मेहारी तूच खातेस. सालीच्या घड्याही तूच घालत असशील आणि दुसऱ्या दिवशी विसरत असशील. काकू, रागावू नकोस. एकटं माणूस, दुःख, वर उतरलेली साखर, अशा वेळी आपण काय केलं ते आठवत नाही. माझे धावपटू साखर उतरली की नसलेल्या माणसांशी बोलतात आणि नंतर नाकारतात.

मला उलट हायसं वाटलं. निदान वर तरी खातेस. आता तेवढंच खाली, निघायच्या आधी खा. नवी चकती आणि यंत्र सोबत आहे.

काकांची शपथ घालत नाही, कारण तू ती मोडशील.

शिहो

---

कुरेसाका, २९ एप्रिल

शिहो,

दोन दिवस पत्र लिहायला बसले नाही, कारण लिहिलं असतं तर तुला झोंबलं असतं.

मी गेलेल्या माणसापुढे ठेवलेलं अन्न खाते, असं तू मला लिहितेस. तुझ्या आईमागे तुला आम्ही वाढवलं, तेव्हा देवापुढच्या तांदळाच्या मोचीला चोरून हात लावलास म्हणून मी तुला अंगणात उभं केलं होतं. मी खाईन?

उपाशी जाते हे खरं. एका माणसाचा भात नीट शिजत नाही. मूठभर तांदूळ भांड्याच्या तळाला करपतो, आणि दोघांचा लावायला हात उचलत नाही. म्हणून जो काही होतो तो सगळा गोळा करून त्यांना नेते. मला नंतर मिसोचं पाणी पुरतं.

आणि थरथर होते, तेही खरं. दगडापाशी पोचते तेव्हा गुडघे ऐकत नाहीत, मानेवरून गार पाणी वाहतं, डोळ्यांपुढे झाडं पांढरी दिसतात. मी मेहारी ठेवते आणि जिझोच्या बाजूला बसते. जिथे ते बसले होते तिथे. हळूहळू थरथर थांबते. मी काही खात नाही, पण तोंडात भाताची चव येते. तकानाचा खारट-तिखटपणाही येतो. मला वाटायचं म्हातारपण असेल. तुझं यंत्रही तेच म्हणतं म्हणजे म्हातारपण नसावं.

तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मला स्वतःला भीती वाटत नाही, फक्त कळत नाही.

या आठवड्यात वाटाणे आले. पहिल्या तोडणीचा वाटाणेभात केला आणि त्याची मेहारी नेली. ते वर्षभर वाटाण्यांची वाट बघायचे. दुसऱ्या दिवशी साल रिकामी होती. घड्या जरा घाईच्या वाटल्या.

इसोए

---

ओसाका, ८ मे

काकू,

माझं चुकलं. मोचीची गोष्ट आठवून कान लाल झाले.

तुझ्या रेषेबद्दल मी आमच्या सरांना विचारलं. शरीर फार घाबरलं की यकृत कुठून तरी शेवटची साखर काढून रक्तात सोडतं, ते एक कारण असू शकतं. सरांनी मान डोलावली, मग पुन्हा रेषा बघितली आणि म्हणाले, "पण या बाईंनी खाल्लं काय?" मी म्हटलं काही नाही. ते म्हणाले, "नीट विचार."

ते राहू दे. मला तुला दुसरंच सांगायचं आहे. तुझ्या डब्याचं कोडं सुटलं.

आमच्याकडे काझामा नावाचा एक धावपटू येतो. काल माझ्या टेबलावर आपल्या खिंडीचा फोटो बघून म्हणाला, "अरे, इथे मी मरता मरता वाचलो." हा शहाणा कुणाचं तरी ऐकून नुसती अंडी आणि प्रोटीनची पावडर घेऊन डोंगरात पळायला गेला होता. खिंडीत पाय गेले. घाम, थरथर, सगळं. दगडापाशी कोसळला. तेव्हा पाठीवर लाकडी चौकट घेतलेला एक म्हातारा आला. कपाळाला निळा टॉवेल बांधलेला. त्याने काही न विचारता याच्या तोंडात भाताचा घास घातला. "हळू चाव," म्हणाला. काझामाने विचारलं, "तुम्हाला नको?" तर म्हणाला, "माझं काय, मला अजून घर दिसायचंय." शुद्धीवर येऊन बघतो तर म्हातारा गेलेला.

काझामा सांगत होता की जन्मात तसा भात खाल्ला नाही. खारट पान आणि आत हिरवे वाटाणे.

काकू, काकांनी रीत मोडली नाही. राखलेला घास त्यांनी परक्याला दिला आणि मग त्यांच्यावर वेळ आली तेव्हा डबा रिकामा होता. ते हावरेपणाने गेले नाहीत, वाटून गेले. नोबुएबाईंना सांग, गावाला सांग. आणि आता तरी वर जाणं बंद कर. आता नेऊन देण्यासारखं काही राहिलं नाही.

काल मी लहान मुलीसारखी रडले.

शिहो

---

कुरेसाका, ११ मे

शिहो,

नोव्हेंबरात वाटाणे कुठून आले?

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग नोबुएला बोलावून वाचून दाखवलं, तीही रडली. डोळे पुसून तीच म्हणाली, "वाटाणे?" त्या दिवशी मी डब्यात रताळ्याचा भात दिला होता. मला पक्कं आठवतं, कारण तुझे काका कुरकुरले होते. वाटाणेभात मी यंदा पहिल्यांदा केला तो एप्रिलच्या शेवटी, आणि नेऊन ठेवला तो दगडापुढे.

त्या मुलाला विचार, तो खिंडीत कधी गेला होता. टॉवेलवर काय छापलं होतं तेही विचार. सोया सॉसच्या दुकानाचं चिन्ह असेल तर मला काय म्हणायचंय ते तुला कळेल. तो टॉवेल शवपेटीत त्यांच्या डोक्याखाली मीच ठेवला होता. तू शेजारी उभी होतीस.

पण मला उत्तर माहीत असल्यासारखं आहे. कालपासून मी हाच विचार करते आहे आणि आता मला सगळं स्वच्छ दिसतं आहे.

मी नेलेला भात ते खात नाहीत. वाटेवर ज्याचे पाय गळतात त्याला देऊन टाकतात. दोघातिघांना हिदारू लागला म्हणून लोक त्यांच्या नावाने बोलतात, पण त्यातलं कुणी मेलं का? सगळे उठून घरी गेले. कसे गेले हे कुणी विचारलं नाही. जो मेल्यावर घास देतो त्याने जिवंतपणीही दिलाच असणार. डब्याचं कोडं तिथेच सुटलं. त्या दिवशी कुणाला दिला ते कळलं नाही तरी चालेल.

पण शिहो, बाकीचे कधीतरी येतात. रोज उपाशी, रोज थरथरत येऊन त्यांच्या शेजारी बसणारी एकच बाई आहे. माझ्या तोंडात भाताची चव कुठून येते ते आता सांगायला नको. मी एका हाताने ठेवते आणि ते तेच मला भरवतात. मग ते स्वतः काय खातात?

इतके दिवस मी त्यांची भूक भागवायला जात होते आणि मीच त्यांना उपाशी ठेवत होते.

दोन तास आधी, भात आणि जोडीला अंडं, असंच ना?

इसोए

---

ओसाका, १५ मे

काकू,

एप्रिलच्या शेवटी. सुट्ट्यांमध्ये. टॉवेलवर षटकोनात एक अक्षर होतं, काझामाने मला काढून दाखवलं. ते चिन्ह मी ओळखते. मी त्याच दुकानात सोया सॉस आणायला जायचे.

मी त्याला काही सांगितलं नाही. तो हसत होता, म्हाताऱ्याला भेटायला पुन्हा जाईन म्हणाला.

मला एकही कारण सापडत नाही. रात्रभर शोधलं. माझ्यासारख्या माणसाला कारण सापडलं नाही की काय होतं ते तुला नाही कळायचं. पायाखाली जमीन राहत नाही.

काकू, मी येईपर्यंत वर जाऊ नकोस. महिन्याच्या शेवटी मला सुट्टी आहे. काका असतील तर ते तुझं वाईट करणार नाहीत हे मला कळतं. पण ते काका आहेत हे कशावरून? नाहीतर निदान खाऊन जा. नवी चकती पाठवते आहे. घाबरल्यावर दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

शिहो

---

कुरेसाका, २२ मे

शिहो,

थांबले नाही. तुलाही ते माहीत होतं, म्हणून तर चकती पाठवलीस.

आधी जेवणाचं लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. दोघांचा भात लावला. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. भांड्यातून तो नीट सुटा निघाला. अर्ध्याची मेहारी केली आणि अर्धा मी जेवले, वर अंडं, तोफू आणि मिसो. घास उतरत नव्हता. समोर जागा रिकामी असताना पोटभर जेवणं किती अवघड असतं ते तुमच्या पट्ट्यावर पळणाऱ्यांना काय कळणार. मग भांडी घासली, मुळ्यांना पाणी घातलं आणि जेवण अंगी लागल्यावर निघाले.

चढ तोच, पण पाय माझे होते. दगडापाशी पोचले तेव्हा दम लागला होता, थरथर नव्हती. घाम होता तो गरम. मी शेजारी बसले आणि वाट बघत राहिले. तोंडात चव आली नाही.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतके दिवस ते मला भरवत होते आणि मला पत्ता नव्हता. कळल्यावर ते मी स्वतःहून बंद केलं. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, मी जेवून आलेय. आज तुमचं तुम्ही खा." मेहारी दगडाच्या आणखी जवळ सरकवली.

मग मला तुझी आठवण झाली. कशावरून, असं विचारलं होतंस ना? मी त्यांचा कामाचा कोट नेला होता. तो जिझोच्या खांद्यांवर, त्याला बांधतात त्या लाल लाळेऱ्याच्या वरून घातला आणि तुझी नवी चकती बाहीला आतून चिकटवली. यंत्र खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही परत आणलं. यंत्र पाठवते आहे.

सालीत मला काय सापडलं ते सांगत नाही. आधी तू सांग तुझं यंत्र काय म्हणतं. लहानपणी गणिताचं उत्तर तू माझ्याकडे बघून लिहायचीस. या वेळी तसं नको.

इसोए

---

ओसाका, २६ मे

काकू,

ही चकती मांसातली साखर मोजते. कापडाला लावली तर यंत्राने चूक आहे म्हणून नुसतं टिकटिकायला हवं. तसं झालं नाही. रेषा आहे.

आधी वाटलं की माझी समजूत काढायला तूच ती दंडाला लावलीस. पण तुझी रेषा मी आता तुझ्या अक्षरासारखी ओळखते. ही तुझी नाही. ही सुरू होते तीच तळापासून. इतकी खाली रेषा मी कुणाची पाहिली नाही, कारण इतक्या खाली कुणी जिवंत नसतं. संध्याकाळपर्यंत ती तळाशी सरळ पडून आहे. मग पहाटे कधीतरी हलते.

काकू, ती वर येते. गोड खाल्ल्यासारखी उसळत नाही. सावकाश, खूप दिवसांच्या उपाशी माणसाने सांभाळून खावं तशी. भात आणि जोडीला काहीतरी, अशा जेवणाची रेषा. तू मेहारीत अंडं घातलं होतंस ना? मला न सांगता? वर जाऊन ती बराच वेळ टिकते आणि मग एकदम संपते, कोट काढून ठेवल्यासारखी.

मी दार लावून घेतलं आणि मला जे येतं तेच केलं, हिशेब. तुझी मेहारी केवढी असते ते माझ्या हातांना माहीत आहे. एवढ्या भाताने रेषा कुठवर जायला हवी ते मी काढलं. ती तिथवर गेलेली नाही. थोडी कमी पडते. एका घासाने.

हे माझं उत्तर. सालीत एक घास उरलेला होता.

हे मी सरांना दाखवलं नाही. यंत्र पुसून कपाटात ठेवलं. तीस तारखेला मी निघते आहे. नेहमीसारखी बस पलीकडच्या बाजूला सोडेल आणि मी खिंडीतून चालत येईन. मला भीती वाटते आणि तरी त्याच वाटेने यायचं आहे.

शिहो

---

कुरेसाका, २८ मे

शिहो,

हे पत्र तू निघायच्या आत मिळावं म्हणून नोबुएच्या जावयाबरोबर गाडीने पाठवते आहे.

उत्तर बरोबर. पूर्ण गुण. अंडंही होतं, मधोमध.

सालीला घड्या नव्हत्या. ती अर्धी उघडी होती आणि आत पानात गुंडाळलेला एकच घास, नीट दाबून ठेवलेला. त्यांची सवय. मी तिथेच बसून खूप रडले, मग हसले. जेवले एकदाचे. आणि जेवून घास राखला, म्हणजे उठायचा विचार होता. बसून राहणारा माणूस घास कशाला राखेल?

तो मी खाल्ला नाही आणि तिथेही सोडला नाही. खाली आणला आणि वळणावर, जिथून आपलं छप्पर दिसतं, तिथल्या दगडावर ठेवला. घरी आले, चुलीत मुद्दाम ओली लाकडं घातली म्हणजे धूर भरपूर होईल. डोळे चुरचुरले. नोबुए धावत आली, घर पेटलं म्हणून. मी तिला म्हटलं, "बस, चहा घे, पाहुणा यायचाय." ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर गेले. साल चार घड्या घालून, वर खडा. आणि अंगणात पायरीजवळ जमीन खोल दाबली गेलेली आहे. पाठीवर ओझं घेतलेला माणूस उभा राहतो तशी.

भात दोघांचा लावते आहे. तू आलीस की तिघांचा लावेन, भांडं त्याला पुरतं. जागा कुठली कुणाची ते तुला सांगायला नको.

पण एक गोष्ट नीट ऐक, आणि त्या काझामालाही कळव. बसमध्ये गोड बन खाऊन लगेच चढायला लागू नकोस. भात खा, अंडं खा, दोन तास जाऊ दे, डबा बरोबर घे आणि शेवटचा घास राख. इतके दिवस तिथे कुणाचे पाय गळाले तर भरवायला कुणीतरी होतं.

आता खिंडीत कुणी नाही.

इसोए काकू